लिऑन फ्लायशर : उजव्या हाताची गोष्ट आणि वर्गातली तीस वर्षे

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर २ ऑगस्ट २०२० रोजी बाल्टिमोरमध्ये वारले. वय ९२. त्यांची गोष्ट सांगताना भर असतो तो उजवा हात निकामी होण्यावर आणि तीसेक वर्षांनी तो पुन्हा वाजता होण्यावर. चित्रपटाला शोभेल असा मामला आहे, त्यामुळे ते साहजिकच. मला मात्र मधली वर्षे जास्त मोलाची वाटतात. त्या काळात हा माणूस मुलांना शिकवत होता, आणि ज्या हाताने शिकवायचे तोच हात त्याच्यापाशी नव्हता.

जन्म १९२८चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, वडिलांचा धंदा टोप्यांचा. आईने मुलासाठी दोनच वाटा आखल्या होत्या: एक तर अमेरिकेचा पहिला ज्यू अध्यक्ष, नाहीतर मोठा पियानोवादक. थोर पियानोवादक आणि गुरू आर्टुर श्नाबेल सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला घेत नसत. तेव्हा शहरातले संगीतसंचालक आल्फ्रेड हर्ट्झ यांनी श्नाबेलना घरी जेवायला बोलावले आणि या पोराला गुपचूप पियानोपाशी बसवले. श्नाबेलनी ऐकले, आणि नियम बाजूला ठेवला. १९३८च्या उन्हाळ्यात मुलगा इटलीत कोमो सरोवराकाठी त्रेमेत्झोला शिकायला पोहोचला. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये श्नाबेलनी बर्लिन सोडले होते.

आपल्याकडे गवयाला घराणे विचारतात, तसे इथेही विचारता येते. बेटहोवनचा शिष्य चेर्नी, चेर्नीचा लेशेटिट्स्की, त्याचा श्नाबेल आणि श्नाबेलचे फ्लायशर. श्नाबेलची तालीम एकेकट्याची नसे. एकाने वाजवायचे, बाकीच्यांनी बसून ऐकायचे. त्यामुळे आपला धडा एक, पण कानावर पडलेले धडे पाच-सहा. पुढे श्नाबेल अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवू लागले. हिटलरमुळे देशोधडीला लागलेले युरोपातले संगीतकार त्या काळात अमेरिकन विद्यापीठांना असे आयते लाभले: शोनबर्ग लॉस एंजेलिसला, हिंडेमिथ येलला.

फ्लायशर यांची चढण वेगाची होती. १९४४मध्ये, सोळाव्या वर्षी, पिअर माँट्यू यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्सचा पहिला कन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना. १९५२मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा. ती जिंकणारे ते पहिले अमेरिकन. मग संचालक जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर बेटहोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कन्चेर्तो. ही ध्वनिमुद्रणे आजही आवर्जून ऐकली जातात. १९५९मध्ये, म्हणजे मैफली ऐन भरात असताना, ते बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीतशिक्षणसंस्थेत शिकवायला लागले. नाव गेल्यावर नोकरी धरली असे घडलेले नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. १८५७मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९७७मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सामील झाली.

१९६४च्या सुमारास उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. सेलबरोबरचा १९६५चा सोव्हिएत दौरा सोडावा लागला. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. स्नायू धडधाकट असतात, बोटांना मेंदूकडून मिळणारा हुकूम बिघडलेला असतो. अतोनात रियाज करणाऱ्यांना तो गाठतो, आणि पुष्कळदा फक्त त्या एका कामापुरताच त्रास देतो. त्या काळी डॉक्टरांपाशी नावही नव्हते, मग उपाय कुठला? सुयांपासून मानसोपचारापर्यंत सगळे करून झाले.

राहिला डावा हात. त्याच्यासाठी साहित्य होते, याचे श्रेय पाउल विटगेनश्टाइन या व्हिएन्नाच्या वादकाचे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावल्यावर त्याने पदरच्या पैशाने राव्हेल, प्रोकोफिएव्ह, हिंडेमिथ अशा रचनाकारांकडून केवळ डाव्या हातासाठी कन्चेर्तो लिहून घेतले. हिंडेमिथचा आवडला नाही म्हणून त्याने तो कधीच वाजवला नाही आणि दुसऱ्यालाही दिला नाही. १९२३ची ती संहिता त्याच्या पत्नीच्या मृत्यूनंतर हाती लागली आणि २००४मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ती पहिल्यांदा वाजवली फ्लायशर यांनीच.

आता वर्ग. आधी फ्लायशर यांची रीत सर्रास सगळे करतात तीच: विद्यार्थी अडला की त्याला बाकावरून सरकवायचे आणि वाजवून दाखवायचे. हात गेला तशी ही सोय गेली. मग स्वराचे वजन, वाक्याचा ओघ, दोन सुरांमधली ओढ, सगळे शब्दांत सांगणे आले. त्यामुळे आपण अधिक चांगले शिक्षक झालो, असे ते स्वतः सांगत. वाजवणाऱ्याने एकाच वेळी तीन माणसे व्हावे, अशी त्यांची शिकवण होती. पहिल्याने पट्टी दाबण्याआधीच सूर मनात ऐकायचा, दुसऱ्याने तो वाजवायचा, तिसऱ्याने थोडे दूर बसून प्रत्यक्षात काय उमटले ते ऐकायचे आणि पहिल्या दोघांना चूक सांगायची. सांगायला सोपे आहे. चार ओळी वाजवून पाहाव्यात, तिसरा माणूस हमखास झोपलेला सापडतो. आंद्रे वॉट्स आणि येफिम ब्रॉन्फमन हे याच तालमीतून गेलेले. शिवाय या काळात त्यांनी ऑर्केस्ट्राचे संचालनही केले.

१९८२मध्ये बाल्टिमोरच्या नव्या मायरहॉफ सभागृहाच्या उद्घाटनाला ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले. ठरला होता बेटहोवनचा चौथा कन्चेर्तो; हात साथ देईना, म्हणून ऐनवेळी सेझार फ्रांकची रचना घेतली. टाळ्या पडल्या, पण हा हात भरवशाचा नाही हे त्यांना कळून चुकले होते, आणि ते डाव्या हाताकडे परतले. खरा फरक पडला तो नव्वदच्या दशकात, बोटॉक्स या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची इंजेक्शने आणि खोल मर्दनाच्या रॉल्फिंग उपचाराने. २००४मध्ये दोन्ही हातांच्या वादनाचा अल्बम आला. याला बरे होणे म्हणता येत नाही. बोटॉक्सचा असर काही महिन्यांत ओसरतो, त्यामुळे इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागत. पीबॉडीतले शिकवणे मात्र त्यांनी हात सुधारल्यावरही सोडले नाही.