पोरगं 'पोट दुखतंय' म्हणतं तेव्हा

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मध्यरात्री कळ येऊन उठतो, उलटी करतो आणि 'पोट दुखतंय' एवढंच सांगतो. घरात ओवा चावायला देतात, गॅसची गोळी देतात. खरं दुखणं अंडकोषाचं असतं, पण आईसमोर ते सांगायचं कसं?

अंडकोषाला रक्त पुरवणाऱ्या नाडीला कधीकधी अचानक पीळ पडतो आणि रक्त पोचेनासं होतं. साधारण ६ तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला, तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो. २४ तास उलटल्यावर क्वचितच. तो वर ओढला गेलेला, आडवा झालेला दिसतो, हात लावू देत नाही. कळ मध्येच थांबली तरी निर्धास्त राहू नका. सुटलेला पीळ पुन्हा पडू शकतो, किंवा अंडकोष निकामी झाल्यानेही दुखणं ओसरतं. म्हणून सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता रात्रीच नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा. आणि बापांनो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. तुम्ही बोललात, तर तोही बोलेल.

हळूहळू वाढणारी, न दुखणारी सूज ही वेगळी गोष्ट. विदर्भात तिच्यामागे अनेकदा हत्तीरोग असतो. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासातून आलेले जंतू लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात आणि अंडकोषाभोवती पाणी साचतं. हत्तीरोगाविरुद्ध तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये झाली. या गोळ्या प्रसार रोखतात, म्हणून त्या घ्याच. साचलेल्या पाण्याला मात्र छोटं ऑपरेशनच लागतं. खुद्द अंडकोषात कडक गाठ लागली तर तेल चोळत बसू नका, त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. ती कर्करोगाची असू शकते आणि लवकर सापडली तर बहुधा पूर्ण बरी होते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घामावाटे पाणी निघून जातं, लघवी घट्ट होते आणि मुतखड्याला आयतं निमित्त मिळतं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. बिअर प्यायल्याने खडा बाहेर पडतो, हे ऐकू नका. कमरेतून जांघेत उतरणाऱ्या कळेसोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अजिबात होईना, तर तेव्हाच निघा. खड्यामागे तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात भिनू शकतो.

चाळिशीनंतर, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला, लघवीतून न दुखता रक्त गेलं, तर एकदाच जाऊन थांबलं तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडून मूत्राशय तपासून घ्या.