पाइनवुड स्टुडिओ

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यात आयव्हर हीथ येथे, लंडनच्या पश्चिमेस सुमारे ३० किमी.वर असलेला चित्रपट स्टुडिओ. हेदरडन हॉल या व्हिक्टोरियन हवेलीच्या आवारात तो १९३६ मध्ये सुरू झाला. पुढे रुंद पडद्याचे तंत्र रुजले आणि विस्तीर्ण चौकट भरून काढणारे सेट उभारावे लागू लागले, तेव्हा या इस्टेटीची मोकळी जमीन हेच तिचे मोठे भांडवल ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर ही हवेली कॅनडात जन्मलेले धनिक व ब्रिटिश खासदार ग्रँट मॉर्डेन यांच्याकडे होती. नृत्यदालन, तुर्की स्नानगृह, स्क्वॉश कोर्ट अशी भर घालून त्यांनी तिच्यावर अफाट पैसा ओतला. १९३२ मध्ये ते निवर्तल्यावर इस्टेट लिलावात निघाली आणि १९३४ मध्ये बांधकाम व्यावसायिक चार्ल्स बूट यांनी ती घेतली. पिठाच्या गिरण्यांचे मालक जे. आर्थर रँक त्यांना येऊन मिळाले. भागीदारांत लेडी यूलही होत्या. त्यांचे पती डेव्हिड यूल यांची संपत्ती कलकत्त्यातील व्यापारातून, मुख्यतः तागातून उभी राहिलेली असल्याने, या इंग्रजी बागेत बंगालचाही पैसा मुरला आहे असे म्हणता येईल. ३० सप्टेंबर १९३६ रोजी उद्‌घाटन झाले. हवेली न पाडता तिच्यालगत स्टेज (चित्रीकरणाची बंदिस्त दालने) बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात स्टुडिओ सरकारने ताब्यात घेतला व तेथे लष्करी चित्रपट पथकांचे काम चाले.

१९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ या चित्रपटासाठी दार्जिलिंगकडचा हिमालय येथेच, सेट आणि काचेवरील रंगचित्रे यांच्या साह्याने उभा केला गेला. त्या काळी चौकट जवळजवळ चौरस होती, त्यामुळे असा आभास थोडक्या जागेत निभावता येई.

१९५३ मध्ये सिनेमास्कोप हे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या अमेरिकी कंपनीचे रुंद पडद्याचे तंत्र आले. चित्रपटगृहांत बहुमार्गी ध्वनियंत्रणा बसवण्याच्या अटीवरून रँक यांचे फॉक्सशी बिनसले आणि त्यांनी पॅरामाउंट कंपनीच्या व्हिस्टाव्हिजन या तंत्राची कास धरली. त्यात फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते. एका चौकटीला कडेची चारऐवजी आठ छिद्रे मिळाल्याने निगेटिव्हचे क्षेत्रफळ वाढते आणि मोठ्या पडद्यावरही चित्र रेखीव दिसते. पाइनवुडच्या अनेक चित्रपटांनी हे तंत्र वापरले, पण कॅमेऱ्यात फिल्म जास्त खपत असल्याने ते टिकले नाही.

टॉड-एओ या ७० मिमी. रुंद फिल्मच्या पद्धतीने काढायच्या ‘क्लिओपात्रा’ या चित्रपटासाठी १९६० मध्ये येथे मोकळ्या आवारात अलेक्झांड्रिया नगरी बांधली गेली. इंग्लंडच्या थंडी-पावसात इजिप्त रंगवण्याचा हा बेत मुळातच अव्यवहार्य होता. त्यातच नायिका एलिझाबेथ टेलर आजारी पडल्या. अखेर सारे बाड रोमला हलले, आणि मागे राहिलेल्या सामग्रीवर ‘कॅरी ऑन क्लिओ’ हा विनोदी चित्रपट निघाला.

जेम्स बाँडपटांनी मात्र जमिनीचा पुरेपूर उपयोग केला. ‘थंडरबॉल’पासून (१९६५) ते पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित होऊ लागले. पुढच्या चित्रपटासाठी कलादिग्दर्शक केन ॲडम यांनी मागच्या आवारात आख्खा पोकळ ज्वालामुखीच उभारला. असे सेट दर वेळी बांधून मोडणे परवडेना, म्हणून १९७६ मध्ये पाणबुड्या मावतील असे टाके असलेला ‘००७ स्टेज’ बांधण्यात आला. त्याच्या अवाढव्य पोटात प्रकाशयोजना कशी करावी हे विचारण्यासाठी ॲडम यांनी चित्रपट दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांना गुपचूप बोलावून घेतले होते. हा स्टेज १९८४ व २००६ मध्ये जळाला आणि दोन्ही वेळा पुन्हा उभारला गेला. २०१९ मध्ये डिस्नीने स्टुडिओतील बऱ्याचशा जागेसाठी दीर्घ मुदतीचा करार केला.

हवेलीत कार्यालये असली, तरी तिने स्वतःही पडद्यावर कामे केली आहेत. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाचा आरंभीचा पाठलाग तिच्याच बागेत घडतो. ब्रिटिश हिंदुस्थानावरील ‘कॅरी ऑन... अप द खैबर’मध्ये (१९६८) ती गव्हर्नरचा बंगला झाली, तर खैबर खिंडीची बाजू वेल्समधील स्नोडोनियाच्या डोंगरांनी सांभाळली.