पेटंट अटर्नी वेगळा, आयपी लिटिगेटर वेगळा

अमेरिकेतल्या एखाद्या आयपी (बौद्धिक संपदा) लिटिगेटरची, म्हणजे कोर्टात खटले लढणाऱ्या वकिलाची, माहिती वाचली की इंजिनिअर मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो: 'याची पदवी तर इतिहासातली आहे, पेटंट बारची परीक्षाही दिलेली नाही. मग हा पेटंटचे खटले कसा लढतो?' लढतो, आणि अगदी रीतसर लढतो.

आधी पेटंट अटर्नीचं काम, थोडक्यात. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पार्श्वभूमी, यूएसपीटीओची, म्हणजे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची, १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा (हाच तो पेटंट बार), मग नोंदणी क्रमांक. सोबत वकिलीची सनद असेल तर अटर्नी, नसेल तर पेटंट एजंट. अर्ज लिहायचा, तो तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या (एक्झामिनरच्या) हरकतींना उत्तरं द्यायची आणि पेटंट पदरात पाडून घ्यायचं. या कामाला तिकडे पेटंट प्रॉसिक्युशन म्हणतात. नाव फौजदारी खटल्याचं वाटलं तरी त्यात आरोपी, फिर्यादी कुणी नसतं. ट्रेडमार्कच्या अर्जाला ही परीक्षा लागत नाही, कॉपीराइटचा तर तिच्याशी संबंधच नाही.

खरा घोळ इथून पुढे आहे. ती परीक्षा यूएसपीटीओपुढे काम करण्यापुरती आहे. पेटंटच्या उल्लंघनाचा दावा चालतो फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि तिथे विचारतात ती वकिलीची सनद आणि त्या कोर्टाचा प्रवेश. नोंदणी क्रमांक कुणी मागत नाही. तंत्रज्ञान समजावून सांगायला तज्ज्ञ साक्षीदार असतो. लिटिगेटरचं कसब उलटतपासणीत आणि ज्युरीला पटेल अशी मांडणी करण्यात.

दोघांची नजर किती वेगळी असते ते बघा. समजा, क्लेममध्ये (अर्जात हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्यात) नुसतं 'पट्टी' लिहिलं होतं. एक्झामिनरने जुनं पेटंट दाखवून अर्ज नाकारला, म्हणून अटर्नीने 'लवचिक पट्टी' अशी दुरुस्ती केली. पेटंट मिळालं, त्याचं काम संपलं. पुढे प्रतिस्पर्ध्याने जेमतेम वाकणारी पट्टी बाजारात आणली की लिटिगेटर तीच फाइल ओळ न ओळ वाचायला घेतो. लवचिक म्हणजे किती लवचिक? मार्कमन निकालापासून (१९९६) हा अर्थ ज्युरी नव्हे, न्यायाधीश लावतात. आणि मंजुरीसाठी जे सोडून दिलं, ते 'आमच्यासारखंच तर आहे' म्हणत परत मागायला गेलात की फेस्टो निकाल (२००२) आडवा येतो. एका शब्दाने पेटंट मिळवून दिलं, त्याच शब्दावर दावा बुडू शकतो.

दोन्ही कामं एकच माणूस का करत नाही? काही जण करतात. पण खटल्यात प्रतिपक्षाची गोपनीय तांत्रिक कागदपत्रं पाहिलेल्या वकिलाला त्याच विषयातले अर्ज लिहायला ठरावीक काळ मनाई करणारं कलम कोर्टाच्या आदेशात अनेकदा असतं. त्यामुळे बहुतेकांना एक बाजू निवडावी लागते. आणि वादात नोंदणी क्रमांक कुणी मागत नाही, याला अपवाद पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाचा: पेटंट रद्द करून घ्यायला तिथे गेलात तर वकिलांच्या चमूत नोंदणीधारक लागतोच, कारण ते बोर्ड यूएसपीटीओचंच आहे.

'आयपी तज्ज्ञ' या बिरुदाची मला चीड आहे. त्यातून काहीच कळत नाही. लिटिगेटर पारखताना मी पीएचडीकडे शेवटी बघतो. आधी बघतो ते हे, की किती खटले तडजोडीत न मिटता निकालापर्यंत नेले, त्यात स्वतः साक्षीदार तपासले की नुसते मसुदे लिहिले, आणि वादीकडून लढला की प्रतिवादीकडून. फेडरल सर्किट या अपील कोर्टात न्यायाधीशाकडे क्लर्कशिप (कायदेविषयक मदतनिसाचं काम) केली असेल तर उत्तम, कारण देशभरातली पेटंटची अपिलं १९८२पासून तिथेच जातात आणि तिथले न्यायाधीश फाइल कशी वाचतात हे त्याने आतून पाहिलेलं असतं. अर्ज लिहून घ्यायचा असेल तर मात्र यातलं काहीच बघू नका, तुमच्या विषयातला नोंदणीधारक गाठा.