खुल्या कोळसा खाणीभोवतीचं भूजल (वर्धा खोरं)

ओपनकास्ट खाण भूजल पातळीच्या खाली गेली की चारी बाजूंनी पाणी झिरपायला लागतं, ते तळाच्या संपमध्ये (पाणी साठवायच्या खड्ड्यात) गोळा करून पंपाने सतत बाहेर काढावं लागतं, आणि मग आसपासच्या जमिनीतली पातळी खाणीच्या दिशेने उतरत जाते. ही उतरंड कुठवर पोचते यावरच सगळे वाद आहेत. या नोंदीत चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतलं वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र धरलंय, म्हणजे वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, राजुरा हा पट्टा. कोळसा इथे जुनाच, वरोऱ्याची सरकारी खाण साधारण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ च्या सुमारास बंद पडली. आता बहुतेक खाणी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या आहेत (स्थापना १९७५).

खडकांचा क्रम खालून वर असा: तालचीर, कोळसा असलेला बराकार, काही भागात मोतूरची चिकणमाती, त्यावर कामठी वालुकाश्म, आणि पश्चिमेकडे लामेटा व दख्खनचा काळा पाषाण. पाण्याच्या दृष्टीने यातला कामठी महत्त्वाचा, भरड दाण्याचा आहे, पाणी धरतो आणि सोडतोही, चांगल्या बोअर त्यातच लागतात. त्याच्या वयावर मात्र एकमत नाही. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं सापडतात म्हणून काही जण तो वरच्या पर्मियन या भूवैज्ञानिक काळात टाकतात. दुसरीकडे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळात वरोऱ्याकडच्या मांगलीच्या थरांत ब्रॅकिऑप्स या उभयचराची कवटी मिळाली, १८५५ च्या आसपास ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने तिचं वर्णन केलं, आणि ती त्यानंतरच्या ट्रायासिक काळाकडे बोट दाखवते. मांगलीचे थर कामठीतच मोडतात की वेगळे, हाही प्रश्न आहेच. ‘वरचा पर्मियन ते खालचा ट्रायासिक’ हे मोघम वय त्यातल्या त्यात सोयीचं वाटतं. विहिरीच्या पाण्याला या वयाने काही फरक पडत नाही, पण मोतूरची चिकणमाती मध्ये आहे की नाही याने खूपच पडतो: ती असेल तर खालच्या उपशाचा वरच्या विहिरींवर परिणाम उशिरा आणि कमी जाणवतो, नसेल तर कामठीतलं पाणी सरळ खाणीत उतरतं.

परिणामाचं अंतर काढायला सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र झिचार्टचं. पातळीत झालेली घट (मीटर) गुणिले पारगम्यतेचं वर्गमूळ (पारगम्यता म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं ते, सेकंदाला मीटरमध्ये) गुणिले ३०००. याचं श्रेय कोणी झिचार्टच्या १९२८ च्या कामाला देतं, कोणी कीरिलाइससोबतच्या १९३० च्या पुस्तकाला. मूळ जर्मन आहे आणि पाया खणताना पाणी उपसण्यासाठी होतं, एवढं नक्की. घट ४० मीटर आणि पारगम्यता ०.००००१ धरली तर उत्तर येतं साधारण ३८० मीटर, पारगम्यता दहापट केली तर १२०० मीटर. पारगम्यता ज्या बोअरवर चाचणी घेतली तिथली असते, आणि वालुकाश्मात दहापट फरक म्हणजे काहीच नाही, त्यामुळे एकाच खाणीसाठी दोन उत्तरं सहज निघतात. शिवाय सूत्रात वेळ नाही, पुनर्भरण नाही. वेबरच्या सूत्रात निदान वेळ आहे. अमेरिकी भूजलतज्ज्ञ थाइसने १९३५ मध्ये मांडलेल्या गणितात तर ठाम सीमाच नाही, उतरंड पसरत राहते, आणि पुढे १९४० मध्ये त्यानेच दाखवलं की नदीचं किंवा पावसाचं पाणी तेवढी भरपाई करायला लागलं की ती थांबते. वीस-तीस वर्षं चालणाऱ्या खाणीला हीच मांडणी जास्त लागू पडते, झिचार्टचा आकडा पहिला अंदाज म्हणून ठीक. वर्धेच्या काठालगतच्या खाणींत तर नदीच झिरपून आत येते आणि पंपाने परत नाल्यात जाते.

निरीक्षण वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. खाणीचा गाभा (खुद्द खाणक्षेत्र) आणि भोवतालचा १० किलोमीटरचा बफर, त्यातल्या शेतविहिरी आणि पिझोमीटर (पातळी मोजायच्या निरीक्षण-बोअर). वेकोलिसाठी हे काम सीएमपीडीआय ही कोल इंडियाची नियोजन संस्था करते. केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांच्या विहिरींचं जाळं वेगळं. विहिरीवर टेप कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून सोडतात आणि कठड्याची उंची वजा करतात, ती वजा करायची राहिली की पातळी मीटरभर खोल दिसते. दुसरी गोची मोटारीची, कृषिपंपाला रात्री लाइन असेल तर सकाळी घेतलेली पातळी उपशाची असते, म्हणून मोटार कधी बंद केली ते शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आकडा लिहू नये. आणि वर्षाच्या चार आकड्यांतून खाणीचा परिणाम आणि कमी पावसाचा परिणाम वेगळा काढणं अवघडच, लांबची, त्याच खडकातली एखादी विहीर तुलनेला लागते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या सूचनांनंतर डिजिटल पातळी-नोंदक आले, त्याने हे सोपं व्हायला हवं.

गुणवत्तेबद्दल थोडक्यात. इथल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळे आसामच्या माकूमसारखं आम्ल पाणी सहसा होत नाही, कडकपणा आणि सल्फेट मात्र वाढतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं फ्लोराइड बहुतेक करून खडकातूनच येतं, ते खाणीच्या नावावर टाकताना जपून.

खाण संपल्यावर पंप बंद होतात आणि पातळी हळूहळू वर येते. ओबीने (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाने) भरलेला भाग मूळ खडकापेक्षा पोकळ, पाणी पटकन मुरतं पण क्षारही जास्त घेतं. शेवटचा न भरलेला खड्डा तळं होतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या उघड्या पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन भूजलाच्या हिशेबात वजा धरावं लागतं.