बॉनेटखालची गरम हवा आणि एक नळी : कोल्ड एअर इनटेकची पार्श्वभूमी

१९६४ सालची फोर्ड फेअरलेन थंडरबोल्ट समोरून पाहिली की तिचा चेहरा खटकतो. त्या वर्षीच्या साध्या फेअरलेनला पुढे चार हेडलाइट होते, हिला दोनच. आतल्या दोन दिव्यांच्या जागी नुसती जाळी आहे. त्या जाळ्यांमागून दोन जाड, लवचिक नळ्या निघतात आणि थेट कार्ब्युरेटरवरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरच्या) डब्यात शिरतात. आत ७ लिटरचं इंजिन. ड्रॅग रेससाठी फोर्डने अशा जेमतेम १०० गाड्या काढल्या. पाव मैलाच्या त्या शर्यतीत दोन दिव्यांपेक्षा गार हवा मोलाची होती.

आज परफॉर्मन्स गाडीला बाहेरून आणून बसवतात ते कोल्ड एअर इनटेक, म्हणजे बाहेरची गार हवा इंजिनात आणणारी नळी आणि फिल्टर, हे याच नळ्यांचं वंशज. त्यामागचं गणित तेव्हाही हेच होतं. इंजिनाला पेट्रोल हवं तेवढं पाजता येतं, अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सिलिंडर दर खेपेला तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो, पण त्या हवेचं वजन तापमानावर ठरतं. बॉनेटखाली ६० अंश आणि बाहेर ३० अंश असतील, तर बाहेरची हवा जवळपास १० टक्के जड भरते. पहाटेच्या गारव्यात घाट चढताना गाडी एरवीपेक्षा मोकळी पळते, हा अनुभव आपल्याकडच्या कुणाही बाइकवाल्याला असतो. कारण हेच.

‘रॅम एअर’ या नावाने मात्र बराच गैरसमज करून ठेवला आहे. वेगामुळे हवा आत कोंबली जाते असं त्यातून वाटतं. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याइतकाही नसतो. ताशी १६० ला तो सव्वा टक्क्याच्या आसपास जातो. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीत खरी कमाई गारव्याची आहे, वेगाची नाही.

‘रॅम एअर’ हे नाव पॉन्टिअ‍ॅक या अमेरिकी कंपनीने गाजवलं. १९६५ च्या जीटीओच्या बॉनेटवरचा स्कूप, म्हणजे हवा घेण्यासारखा दिसणारा उंचवटा, निव्वळ शोभेचा, बंद होता. त्याच वर्षी कंपनीने काउंटरवर एक किट विकायला ठेवलं, ज्याने तो स्कूप उघडून हवा थेट कार्ब्युरेटरवर आणता येई. ग्राहकाने वेगळी विकत घेऊन बसवायची वस्तू म्हणून मला हे किट फार महत्त्वाचं वाटतं. १९६६ च्या ओल्ड्समोबिल ४-४-२ च्या डब्ल्यू-३० पॅकेजमध्ये पुढच्या बाजूने हवेच्या नळ्या आणल्या, आणि त्यांना जागा करून देण्यासाठी बॅटरी उचलून थेट डिकीत नेली. कारखान्यातून त्या वर्षी अशा ५४ गाड्या निघाल्या. शेव्हरोलेने विंडशील्डच्या पायथ्याशी दाटणारी हवा ओढली. १९७० च्या शेव्हेल एसएसच्या बॉनेटवरचं झाकण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की उघडायचं.

गंमत म्हणजे याच सुमारास कंपन्या उलटं कामही करत होत्या. प्रदूषणाचे नियम आले, आणि थंड इंजिन स्वच्छ जळावं म्हणून एक्झॉस्टजवळची गरम हवा मुद्दाम फिल्टरच्या डब्यात आणली जाऊ लागली. इंजिन तापलं की एक झडप ती वाट बंद करी.

पुढचं मोठं वळण नळीत आलं नाही, ते हवा मोजण्याच्या रीतीत आलं. या इतिहासाचा गाभा मला इथेच दिसतो. १९८६ पासूनच्या ५ लिटर फोर्ड मस्टँगचा कॉम्प्युटर हवा प्रत्यक्ष मोजत नसे, अंदाज बांधत असे. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब, इंजिनाचे फेरे आणि हवेचं तापमान पाहून कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून तो इंधन ठरवी. मालकाने तगडी कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) टाकली की आयडलला, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, दाब बदले, तक्ता चुके आणि गाडी धड उभीही राहत नसे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विकलेल्या आणि १९८९ पासून सगळ्याच ५ लिटर मस्टँगना मास एअर सेन्सर आला. त्यात हवेच्या वाटेत एक तापलेला घटक असतो. जाणारी हवा त्याला गार करते, आणि त्याला तापलेलं ठेवायला किती करंट लागतो त्यावरून हवेचं वजन कळतं. आता इंजिनात केलेला बदल कॉम्प्युटरला समजू लागला. त्या मस्टँगभोवती सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार उभा राहिला, त्यात या छोट्या सेन्सरचा वाटा फार मोठा आहे.

त्याच मस्टँगच्या उजव्या फेंडरच्या आत प्लास्टिकचा एक सायलेन्सर दडलेला असे. एक्झॉस्टचा नव्हे, हवा ओढतानाचा आवाज दाबणारा. हवा मोकळी यावी म्हणून मालक चाकावरचं अस्तर सोडवायचं, हात आत घालून तो डबा काढायचा, अस्तर परत लावायचं, असं करत. खर्च शून्य. यातून एक गोष्ट उघड होते, आणि किट विकणारे ती क्वचितच सांगतात : कंपनीची मूळ वाटही फेंडरमधली गार हवाच घेत होती. त्यामुळे अशा गाडीवर नुसत्या नव्या नळीची कमाई बेताचीच असते. उलट फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला, तर मूळचा गारवाही हातचा जातो.

१९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ही नळी होंडा सिव्हिक आणि इंटिग्राला लावली. या होंडा दाबावरूनच हवा ओळखत, मास एअर सेन्सर त्यांत नव्हता. म्हणून नळीचा व्यास आणि लांबी मोकळेपणाने बदलता आली, आणि नळीतल्या दाबाच्या लाटांचा फायदा उठवण्याचे प्रयोग झाले. लांब नळी खाली बंपरमागे उतरायची, टोकाला तेल लावलेल्या सुती जाळीचा शंकूसारखा फिल्टर. तिथे हवा गार मिळते, पण साचलेलं पाणीही तिथेच भेटतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात फिल्टर बुडाला तर वरून हवा घेणारी बायपास झडप पुढे बाजारात आली, ती याचसाठी.

मास एअरवाल्या गाडीत धोका वेगळा. ७० मिलिमीटरच्या नळीतला सेन्सर ७६ मिलिमीटरच्या नळीत बसवला, तर तेवढ्याच हवेचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. सेन्सरला हवा कमी वाटते, इंधन कमी पडतं, आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर तेच इंजिनाच्या जिवावर बेततं. चांगल्या किटमध्ये सेन्सरपाशी मूळ व्यास राखलेला असतो, नाहीतर सोबत नवं ट्यूनिंग दिलेलं असतं.

कॅलिफोर्नियात आणखी एक अट आहे. तिथल्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासून सूट दिलेल्या किटला एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा क्रमांक मिळतो आणि डब्यात त्या क्रमांकाचं स्टिकर येतं. ते बॉनेटखाली, सहज दिसेल अशा जागी चिकटवायचं. स्मॉग तपासणीला (धुराच्या तपासणीला) गाडी गेली की माणूस आधी बॉनेट उघडून ते शोधतो. स्टिकर नसेल आणि क्रमांकाचा कागदही दाखवता आला नाही, तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास होते.