बुढीचा पगार आणि सीमेपलीकडचा जन्म

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला आमच्याकडे कोणी अनुदान म्हणत नाही. ‘पगार’ म्हणतात. ‘बुढीचा पगार आला का?’ एवढं विचारायला माणूस अर्धा दिवस मोडून तालुक्याला जातो. इथंच जन्मलेल्या म्हाताऱ्यालाही वय, उत्पन्न आणि वास्तव्य यांचे दाखले गोळा करताना धाप लागते. जी माणसं दुसऱ्या देशातून येऊन विदर्भाच्या जंगलकाठी म्हातारी झाली, त्यांची अडचण याहून जुनी आहे.

1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी. दक्षिणेत त्यांच्या वसाहती आधी उभ्या राहिल्या. गोठणगावची वसाहत 1972 ची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आज तो गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. वसाहतीचं नाव नोरग्येलिंग, पण पंचक्रोशीत सगळे तिबेटी कॅम्पच म्हणतात. इथल्या लोकांनी शेती धरली आणि हिवाळ्यात शहरात जाऊन स्वेटर विकले. कायद्याच्या लेखी मात्र तिबेटमधून आलेला माणूस परदेशीच राहिला. त्याची ओळख म्हणजे ठरावीक मुदतीनं नवं करून घ्यायचं नोंदणी प्रमाणपत्र.

मला सर्वांत जास्त बोचतं ते पुढचं. नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानंच भारतीय ठरते, आईबाप कुठलेही असोत. दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे मान्य केलं. म्हणजे कॅम्पात 1975 ला जन्मलेला मुलगा नागरिक, आणि हिमालय ओलांडून आलेली त्याची आई परकी! आधाराची गरज तिला जास्त, कागद त्याचा भक्कम.

केंद्रानं 2014 मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. रेशन, घरकुल, रोजगार हमी अशा योजना या वसाहतींपर्यंत न्याव्यात, असं त्यात राज्यांना सांगितलं.

गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली गावांची कहाणी वेगळी आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात सरकारनंच वसवलं. ज्यांना तेव्हा जमीन मिळाली, त्यांच्या हाती निदान पुनर्वसनाचा कागद आहे. मागाहून नातेवाइकांच्या आधारानं आलेल्यांकडे तोही नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीनं बांगलादेशातून 2014 अखेरपर्यंत आलेल्या हिंदूंसाठी वाट उघडली. तिचे नियम यायला मार्च 2024 उजाडलं. तिबेटी त्या दुरुस्तीत नाहीत.

पगाराचा इतिहासही याच काळातला. राज्यानं 1980 मध्ये निराधारांसाठी योजना आणली. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 15 ऑगस्ट 1995 पासून सुरू झालं. 2007 मध्ये त्याला इंदिरा गांधींचं नाव मिळालं आणि 2011 मध्ये वयाची अट 65 वरून 60 वर आली. केंद्राचा वाटा मात्र ऐंशीच्या आतल्यांना महिन्याला 200 रुपयेच राहिला. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत वय 65, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. रक्कम 600 वरून 1,000 आणि 2023 मध्ये 1,500 रुपये झाली. उत्पन्नाची मर्यादा मात्र तिथंच अडकली. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. तेवढ्यात घर चालतं असं कोण म्हणेल?

पन्नास वर्षं इथं काढलेल्या माणसाला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवणं फारसं जड नाही. अडतं ते वयापाशी. तिबेटी पंचांगात वर्षं प्राण्यांच्या नावांनी ओळखली जातात. ‘मी घोड्याच्या वर्षी जन्मलो’ हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक असतं. अर्जातल्या जन्मतारखेच्या चौकोनात घोडा बसत नाही, म्हणून वयाच्या दाखल्यासाठी त्याला सरकारी डॉक्टरच्या दारात उभं राहावं लागतं.