प्रादेशिक संघटनांची मध्यस्थी

सदस्य देशात निवडणुकीचा वाद, सत्तापालट किंवा यादवी झाली की त्या भागातल्या देशांच्या संघटनेनं मधे पडून दोन्ही बाजूंना बोलायला बसवणं, याला ही संज्ञा वापरतात. युनोच्या सनदेतलं आठवं प्रकरण याला मोकळीक देतं, पण बळाचा वापर करायचा तर सुरक्षा परिषदेची परवानगी लागते (कलम ५३).

सुरुवात कुठून धरायची यावर मात्र एकमत नाही. काही जण थेट अरब लीगच्या २२ मार्च १९४५ च्या करारातल्या कलम ५ पर्यंत मागे जातात, म्हणजे युनोच्या सनदेच्याही आधी, पण ते कलम नीट वाचलं तर त्यात मध्यस्थी आहे ती दोन देशांत युद्ध पेटेल अशा भांडणात, घरातल्या भांडणात नाही. आफ्रिकी एकता संघटनेनं १९६४ ला कैरोत मध्यस्थी, समेट आणि लवादासाठी २१ जणांचा आयोग ठरवला, त्याचंही कार्यक्षेत्र देशादेशांतलेच वाद, आणि तो कागदावरून खाली फारसा उतरलाच नाही. उतरणार कसा, १९६३ च्या सनदेतच अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको असं लिहून ठेवलेलं आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना तेच सगळ्यात प्यारं. त्यामुळे आजच्या अर्थानं ही प्रथा साधारण १९९० पासून धरणं जास्त पटतं, मे महिन्यात गांबियाची राजधानी बांजुल इथल्या बैठकीत इकोवासनं (पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना) मध्यस्थी समिती नेमली आणि तीच पुढे लायबेरियाच्या यादवीत उतरली. आफ्रिकी एकता संघटनेनं संघर्ष रोखायला आणि मिटवायला कैरोत उभी केलेली १९९३ ची यंत्रणा त्यानंतरची.

योगायोग असा की नेहमी दिलं जाणारं उदाहरणही बांजुलचंच. डिसेंबर २०१६ मध्ये गांबियाचे याह्या जामे निवडणूक हरले, आधी हार मानली, आठवडाभरात पलटले. समजूत घालायला गेलेल्या इकोवासच्या राष्ट्राध्यक्षांमध्ये घानाचे जॉन महामा होते, जे स्वतः काही दिवसांपूर्वीच निवडणूक हरून गप मोकळे झाले होते (याहून चांगला माणूस कुठून आणणार). तरी जामे हलेनात. १९ जानेवारी २०१७ ला अदामा बॅरो यांचा (निवडणूक जिंकलेले उमेदवार) शपथविधी सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात झाला, सेनेगलचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं, आणि शेवटची बोलणी गिनी आणि मॉरिटानियाच्या अध्यक्षांनी केली, त्यातला मॉरिटानिया तर तेव्हा इकोवासचा सदस्यही नव्हता. २१ तारखेला जामे देश सोडून गेले. ही मध्यस्थी म्हणायची की दमदाटी? बहुधा दोन्ही, आणि सैन्य दाराशी नसतं तर नुसत्या बोलण्यानं काम झालं असतं असं मानणं कठीण आहे.

बाकी ठिकाणी चित्र विरळ आहे. आग्नेय आशियाई देशांच्या आसियाननं एप्रिल २०२१ मध्ये, लष्करानं सत्ता घेतलेल्या म्यानमारसाठी पाच कलमी सहमती केली, ती बरीचशी कागदावरच राहिली. सार्कच्या सनदेत तर द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतूनच वगळलेत. आणि खुद्द इकोवासमधून माली, बुर्किना फासो, नायजर हे तिन्ही लष्करी राजवटीचे देश जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडले.